पेनीकाकांसाठी कटर

हॅलो?… हो, मीच, लानू. बोल ना फुआताई… दुकानातच आहे. तू पोचलीस का तिथे?… बरं. पत्रा कापायची दोन्ही मशिनं समोरच आहेत?… तो विकणारा पण? त्याला जरा लांब पाठव की.

हो, हो… एक टेबलवाला कटर, कॉम्प्युटरचा. पत्रा ठेवला, बटण दाबलं, झालं. आणि दुसरा भिंतीला उभा लावायचा, हाताने खाली ओढायचा… कळलं गं. चार महिने तेच तर चाललंय आपलं.

उभाच घे… विचार करूनच सांगतेय… अगं जागा कुठेय? टेबल आलं तर पाट्यांच्या रंगाचे डबे काय डोक्यावर घेऊ?… आणि वीज? परवा दिवसभर नव्हती… हो, जनरेटर आहे… हो, नवाच आहे… आणि ते टेबलचं धूड बोटीतून उतरलं की अपिया बंदराच्या धक्क्यावरून गावात आणायचं कसं?… ट्रकने. हं. ट्रकने येईल म्हणा.

काय?… काकांनीच सांगितलं? कधी?… 'माझी गरजच पडणार नाही असा आण'… असं म्हणाले पेनीकाका?…

नाही, रडत नाहीये. सर्दी आहे.

ताई, ऐक ना. मध्ये बोलू नकोस, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही मला… ती चर्चची पाटी… हो, तीच सोनेरी, सहा पत्र्यांची. सहातले दोन उन्हात मळकट दिसत होते, अख्खं गाव बघत होतं. आणि काका पाद्रीबुवांसमोर मान खाली घालून म्हणाले, माझे डोळे गेले, मी बाण न बघता कापले… अगं, पत्र्यावरच्या प्लॅस्टिकला बाण असतात ना, सगळे एकाच दिशेला ठेवायचे. नाहीतर सोनेरी रंग दोन तऱ्हेचा दिसतो…

ते दोन मी कापले.

मी गं, मी… काकांनी चारच कापले होते. संध्याकाळी गावाच्या प्रार्थनेचा शंख वाजला, ते हात धुऊन प्रार्थनेला घरी गेले. मी म्हटलं, आलेच. आणि शटर ओढून घेतलं… हो, प्रार्थनेच्या वेळात… ओरड, ओरड तू… सकाळी पाटी लावायची होती. नवा पत्रा फोडायला नको म्हणून उरलेल्या तुकड्यात आडवे बसवले दोन्ही… बाण दिसले होते मला. म्हटलं, बाणाने काय होतंय…

काकांना कसं कळणार? सकाळी सहाची चवड बघून म्हणाले, अरे, कालच सगळे कापले वाटतं मी. मी हो म्हटलं. एवढंच. हो म्हटलं.

गावाच्या दंडाची भीती होतीच की, प्रार्थनेच्या वेळात काम केलं म्हणून घराला बसला असता… नाही. खोटं बोलतेय. मला लाज वाटली, ताई. आणि त्यांनी आपल्या अंगावर घेतलं तेव्हा तर तोंडच उघडेना… आता रोज कापून झालं की हाक मारतात. 'लानू बाळा, बघ गं, सरळ आलाय का?' चाळीस वर्षं पट्टी-सुरीने कापणारा माणूस मला विचारतो! आणि मी वाकून बघते. बघायचं नाटक करते.

हो… हो… आहेच मी तशी. बोल अजून…

त्यांना एकट्याला सांगितलं तर?… हो. ते सगळ्यांसमोर म्हणाले… हो. बरं. रविवारी उभी राहते चर्चमध्ये. प्रार्थनेच्या वेळचं पण सांगते.

आत्ता? आत्ता कशाला?… मागे आहेत, तारोचे कंद सोलतायत. दुकानात येत नाहीत हल्ली फारसे… नको ना ताई… बरं, बरं. ठेवू नकोस हं फोन.

काका!… जरा येता?… ताईच आहे फोनवर. थांबा, आधी माझं ऐका… काका, चर्चच्या पाटीचे ते दोन पत्रे तुम्ही नाही कापले. मी कापले, तुम्ही प्रार्थनेला गेलात तेव्हा. तुमचे डोळे ठणठणीत आहेत, काका…

ताई, आहेस ना?… दारातच उभे आहेत. हाताला तारोचा चीक तसाच… थांब. आत गेले… पट्टी काढली… पत्रा उचलला एकट्यानेच…

काय, काका?… हो, सांगते.

ताई, म्हणतायत, 'फुआला सांग, उभाच आण. हाताने ओढायचा'… नाही गं, मला नाही म्हणाले. पत्र्याकडे बघून म्हणाले. माझ्याकडे बघितलंच नाही त्यांनी…

ठेवते.