भाजीबाजारच्या कागदावरची सही

मला हुशार म्हणता ना, मग हे ऐका. आमचा जुना भाजीबाजार सुंदर करायचा म्हणून साहेब कागद घेऊन आले. आम्हा भाजीवाल्या बायकांपुढे त्यांनी शाईचं पॅड धरलं.

मी म्हटलं, "अंगठा कायले? पेन द्या साहेब. घरच्या घरी शिकली मी, शाळा नाही पाह्यली!"

ऐटीत सही ठोकली. मागच्या साऱ्या जणींनी पटापट अंगठे लावले.

'आम्ही राजीखुशीनं जागा सोडतो,' असं होतं त्या कागदात. आता तिथे कारंजं आहे. आम्ही बायपासला बसतो. गिऱ्हाईक फिरकत नाही.

उंद्रीची शांता परवा म्हणाली, "मावशी, तू वाचूनच सही केली असशीन, म्हणून आम्ही अंगठे देले."

वाचता येतं मला. वाचलंच नव्हतं.