चार बोटं चरबी

— आणि हा लसूणघास म्हणायचा? थू. गाडीचा दोर सोडू नकोस, तोलोमुश, एक पेंढी खाली उतरवू नकोस. ही घे हातात. पानं कुठायत? नुसत्या काड्या — फुलून, बिया धरून, म्हातारा झाल्यावर कापलाय. घास पहिलं फूल दिसलं की कापायचा आणि दव असताना उलटायचा, हे तुला मी शिकवायचं? भर उन्हात उलटला की पान चुरतं, वाऱ्यावर जातं — आणि सत्त्व सगळं पानातच. काय? हिरवागार आहे? असेल वरून. आत हात घाल, बुरशीचा वास येतो. नाही येत? मग नाक चोंदलंय तुझं. आमचा करडा घोडा असल्या घासाला तोंडसुद्धा लावणार नाही.

माहीत आहे रे कुणी पाठवलाय. आमच्या दिरानं, दुसरं कोण. कादिरकुल सकाळीच येऊन गेला, करड्याच्या बरगड्यांवरनं हात फिरवला आणि म्हणतो कसा, "वहिनी, हाडं लागतायत." म्हटलं, लागणारच, घोडा आहे, उशी नव्हे. तर मला बोटं दाखवतो — पोटाला चार बोटं चरबी हवी म्हणे. गेलेल्या भावाच्या वर्षाच्या पंगतीला खोऱ्याखोऱ्यातनं माणसं येणार, पातळ चरबी वाढली तर कुळाचं नाक कापलं जाईल. नाक! शेजारच्या एसेनच्या बापाचं वर्ष झालं, तेव्हा पाहिलीत ना मी ही नाकवाली माणसं — हनुवटीवरनं चरबी ओघळतेय, बाहीला तोंड पुसतायत, आणि मांसाच्या तुकड्याला बोटं लावून मोजतायत, दोन की तीन. गेलेल्याचं नाव एकाच्या तोंडी नाही. किळस आली मला. मला — जिची सगळी हयात घोड्याची आतडी धुण्यात गेली!

घोड्यावर माझा जीव-बीव नाही हां. चावरा मेला. नवरा होता तोवर हा करडा मला जवळ उभी राहू देत नव्हता, दंडावरचा हा व्रण त्याच्याच दातांचा. पण रिवाज म्हणजे रिवाज — मालक गेला की त्याच्या घोड्याच्या शेपटीचे केस कापायचे, वर्षभर कुणी वर बसायचं नाही, आणि वर्ष भरलं की पंगतीला त्यालाच — बरं, ते तुला ठाऊक आहे. शेपूट मी धरलं, कात्री कादिरकुलनं चालवली. आता बघ, ढोपराखाली आलंय वाढून. रोज बघते मी. रोज म्हणजे — येता-जाता दिसतं.

आमचा घास? होता ना. नवऱ्यानं स्वतः पेरलेला, चहासारख्या वासाचा. तो गाईला घातला. घोड्याला भुसा. हो, गव्हाचा भुसा, उन्हाळाभर. आ वासून बघायला काय झालं? रोड घोडा कापायची त्यांना लाज वाटते, पंगतीला दुसरा आणतात — असं मी म्हटलं का? नाही म्हटलं. तू ऐकलं नाहीस. कादिरकुलच्या कानावर गेलं तर तुझ्या घरचं पाणी पिणार नाही मी जन्मात.

अरे, हा सुटला कसा? ए करड्या, काढ तोंड गाडीतनं. मागं हो. मेल्या, मागं हो म्हणते ना —

राहू दे. मारू नकोस त्याला.

खातोय बघ कसा, डोळे मिटून. एवढा वेड्यासारखा खातोय म्हणजे — चांगला असेल घास तुझा. चांगलाच आहे. मला काय वास कळत नाही? उन्हाळाभर भुसा चघळला त्यानं माझ्या हातचा, आणि एकदा चावला नाही. एकदासुद्धा नाही.

ही पेंढी संपू दे त्याची. मग गाडी वळव आणि कादिरकुलला सांग, घासाला बुरशी होती, म्हातारीनं घेतला नाही. आणि गाडी जोरात हाक, तो वासावर मागं येईल तुझ्या.

चल, नीघ. धरलाय मी त्याला.