भीतीच्या पेपरात नापास

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आदरणीय मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावर विराजमान झालेले संस्थेचे पदाधिकारी, माझे सहकारी शिक्षक, मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले माजी विद्यार्थी, आणि ज्यांना निरोप द्यायला मन तयार होत नाही ते आपले चित्रकलेचे सर, सर्वांना माझा नमस्कार.

बाईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि समोर घड्याळ धरलं आहे. माझा विषय आहे परीक्षेची भीती. त्याला याहून पोषक वातावरण कुठलं?

मी या शाळेत गणित शिकवते. याच शाळेत, दहावीला, मी गणितात दोनदा नापास झाले. मला गणित येत नव्हतं का? घरी छान येत होतं. ओट्याशी उभी राहून मी आईला धडाधड उदाहरणं सोडवून दाखवायचे. पेपर हातात पडला की मात्र हात गार, पोटात गोळा, आणि ‘समजा क्ष बरोबर’ एवढं लिहून पुढे सगळं कोरं.

तिसऱ्या वेळीही गाडी अडली, तर शाळा बंद आणि काकांच्या लाँड्रीत कपड्यांना चिठ्ठ्या लावायला बसायचं, असं घरात ठरलं होतं. बाबा म्हणायचे, “बेटा, अजिबात घाबरायचं नाही,” आणि ते सांगताना स्वतःच्या चहात मीठ घालायचे. शेवटी आई म्हणाली, “अहो, तुम्ही तिला जरा कमी धीर द्या.”

पेपरच्या सकाळी मी तासभर आधी येऊन जिन्यात बसले होते. सर पुरवण्यांचा गठ्ठा घेऊन वर चालले होते.

“काय गं, रंग का उडालाय?”

“सर, मला काहीच आठवत नाहीये.”

“अजून विचारलंय कुणी?”

असं म्हणून त्यांनी मला चित्रकलेच्या खोलीत नेलं आणि हातात एक कागद दिला. वर सुरेख अक्षरात लिहिलं होतं: विषय भीती, गुण वीस, वेळ दहा मिनिटं. प्रश्न पहिला, भीती सध्या कुठे आहे ते सुबक आकृती काढून दाखवा व भागांना नावं द्या. प्रश्न दुसरा, ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहा. प्रश्न तिसरा, आज काय काय घडेल याची पाच भाकितं करा.

“सर, माझा खरा पेपर आहे थोड्या वेळात.”

“म्हणून तर दहाच मिनिटं दिलीत.”

मी पोट काढलं. सर वाकून म्हणाले, “हे पोट? हा बटाटा आहे. छटा दे त्याला. सावकाश.” मी सावकाश छटा देत बसले. पेन्सिलीच्या चालीने श्वासही सावकाश झाला, हे मात्र मला फार नंतर कळलं. मग भीतीचं म्हणणं लिहिलं, ‘तुला जमणार नाही’, आणि शेवटी भाकितं: मी बेशुद्ध पडेन, पेन बंद पडेल, एकही उदाहरण सुटणार नाही, वर्ग हसेल, बाबा माझ्याशी बोलणार नाहीत. सरांनी न वाचता कागद खिशात घातला. “निकाल पेपर सुटल्यावर.”

परीक्षेत काय झालं? हात गारच होते. भीतीही आली, पण जे बोलत होती ते मी मघाशीच लिहून दिलं होतं. नवीन काही सुचत नव्हतं तिला. पहिलं उदाहरण अडलं, मी दुसरं घेतलं.

बाहेर येऊन बघते तर नळाजवळच्या बाकावर बाबा आडवे, आणि सर त्यांना ड्रॉइंग बोर्डाने वारा घालताहेत. मी पेन खाली ठेवलेलं बाबांनी खिडकीतून पाहिलं होतं. मी ते पट्टी घ्यायला ठेवलं होतं.

सरांनी तिथेच लाल पेन्सिल काढली.

“बेशुद्ध पडेन. पडलं, पण दुसरंच कुणीतरी. अर्धा गुण. पेन?”

“चाललं, सर.”

“चूक. उदाहरणं किती सोडवलीस?”

“सात.”

“चूक. वर्ग हसला?”

“कुणी मान वर केली नाही.”

“चूक.”

तेवढ्यात बाबांनी डोळे उघडले. “अगं, तुला पट्टी कशाला लागत होती?”

“बाबा बोलणार नाहीत, हेही चूक. दुसऱ्या उत्तरात एकच वाक्य पंधरा वेळा, त्याला गुण नाहीत. आकृतीचे तीन. वीसपैकी साडेतीन. नापास.”

नापास झाल्याचा इतका आनंद मला आधीच्या दोन्ही वेळी झाला नव्हता.

गणितात मला बावन्न पडले. काकांनी लाँड्रीत दुसरी मुलगी ठेवली.

सर, सोमवारपासून सहामाही आहे. तुमच्या खोलीची किल्ली काल माझ्या हातात आली. सकाळी जिन्यात कुणीतरी बसलेलं असणारच. त्याला मी कागद देईन, भाकितंही तपासेन. पण पोट मला अजून काढता येत नाही. तेव्हा आकृतीचे गुण द्यायला तेवढं येत जा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना काही उणं-अधिक झालं असेल तर हवे तेवढे गुण कापा, मनात मात्र ठेवू नका.