सतरा नंबरची पाळी

...नाही नाही नाही, डावीकडं नका उभं राहू भाऊ! या बैलाच्या डावीकडं कोणी उभं राहिलेलं त्याला चालत नाही. इकडं या, उजवीकडं बसा, सावली पण आहे. टाकी भरायला अजून वेळ आहे, टाकी मोठी अन् तापी आटलेली, मंग काय करता? ऐका जरा. तुम्हाला सांगतो, या अख्ख्या बुऱ्हाणपुरात कडू गाडीवानाचं ऐकून घ्यायला माणूस उरला नाही! राजघाटावरचा पुजारी मला लांबून बघतो अन् डोळे मिटून जपाला बसतो! का बरं? मी काय जास्ती मागत होतो? दोघांना एका पाळीत ठेवा, बस! एवढंच!

कोण दोघं? हां, ते सांगायचं राहिलं. हा उभा आहे तो बांड्या, अन् दुसरा खैऱ्या. बैल जिनचे, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्याचे, हाकायचा मी. जिनमधनं कापसाच्या गाठी लादायच्या, शनवारा दरवाज्यातनं काढायच्या, इथल्या लालबागच्या टेसनावर मालगाडीला पोचवायच्या. दिल्ली दरबाराच्या साली ही जोडी जिनमध्ये आली, तेव्हापासून सहा वर्षं मी हाकली. खैऱ्या डावा, बांड्या उजवा. आता बैलाचं असं असतं, जो डावा तो डावा, जो उजवा तो उजवा. जू उचललं की आपापल्या जागी येऊन मान घालतात, सांगावं लागत नाही. माझी बायको गोदाबाई म्हणायची, ‘तुमच्यापेक्षा त्यांचं एकमेकांवर ध्यान जास्ती.’ खरं होतं तिचं.

मंग आले विनायकराव. नवे मॅनेजर, थेट नागपुराहून. माणूस वाईट नाही हो, तीच तर पंचाईत आहे, वाईट असता तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो! नाकावर चष्मा, खिशात घड्याळ. घड्याळ काढायचे, बघायचे, ठेवायचे, लगेच परत काढायचे... मधल्या वेळात काय होणार होतं, देव जाणे! पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्या गाडीवानांना लिंबाखाली उभं केलं अन् भिंतीवर हा एवढा तक्ता टांगला, लाल शाई, निळी शाई. ‘मंडळी, बैल हाही जीव आहे. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत त्याला राबवणं हा अन्याय आहे. आजपासून प्रत्येक बैलाला आणि गाडीवानाला एकच पाळी. विषम नंबर सकाळी, सम नंबर दुपारी!’

शिंगांवर पांढरे नंबर रंगवले. खैऱ्या सतरा, बांड्या अठरा. झालं! खैऱ्या सकाळी, बांड्या दुपारी. अहो, एकट्या माझी नाही, सगळ्या जिनमधल्या एकूण एक जोड्या फोडल्या! आमच्यातला भिकन हात जोडून म्हणाला, ‘साहेब, पर जोडी का क्या?’ तर विनायकराव चष्म्यावरनं बघून काय म्हणतात? ‘कोणतेही दोन बैल म्हणजे जोडी.’  अन् डावा-उजवा काही आहे की नाही?

बसलो आम्ही लिंबाखाली. तीन दिवस एक गाठ हलली नाही. भाईदासनं तर शपथ घेतली, जोडी परत मिळेपर्यंत पाणी पिणार नाही म्हणून... दुपारी प्यायला, ते सोडा. पण चौथ्या दिवशी भाईदासच्या ध्यानात आलं की सकाळची पाळी म्हणजे दुपारी घरी जाऊन पोटभर जेवायचं अन् ताणून द्यायची! असं सुख त्याच्या बापानं बघितलं नव्हतं. हळूच उठला. मागनं भिकन उठला. मला म्हणतो, ‘कडू, आठ दिवसांत बैलाला सवय होते रे, खालीपिली काहून ताणतो?’ अन् झाली की हो सवय त्यांच्या बैलांना! दहाव्या दिवशी लिंबाखाली मी एकटा. सगळे म्हणायला लागले, कडू भांडकुदळ आहे. मी काय जास्ती मागत होतो? दोघांना एका पाळीत ठेवा!

विनायकरावांनी कचेरीत बोलावलं. ‘कडू, बाकीच्यांचं जमलं, तुझंच का जमत नाही? कारण दे.’ कारण! मी म्हटलं, साहेब, दोघं सख्खे भाऊ आहेत. त्यांनी दप्तर काढलं. ‘एक निंबोल्याहून आणलेला, एक खांडव्याहून. भाऊ कसे?’ मी म्हटलं, मावशीकडनं असतील. खोडलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी म्हटलं, साहेब, आमच्या घरच्यांचा नवस आहे, जोडी फुटली तर देव कोपेल. ‘कोणता देव?’ आता ऐन वेळेला एकही देव आठवला नाही हो मला! खोडलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, खैऱ्याला दुसऱ्या बैलाचा वास सहन होत नाही, उलट्या करतो. चष्मा काढून बघत राहिले बिचारे. खोडलं.

तुम्ही हसता... हसा, हसा, मी पण हसलो असतो. पण जरा जवळ या. खरं कारण मला सांगता येत नव्हतं. खैऱ्याला उजव्या डोळ्यानं दिसत नव्हतं.

डावीकडं जुंपला की त्याचा उजवा डोळा बांड्याकडं यायचा. त्या बाजूनं बांड्या त्याला अंगाला अंग लावून न्यायचा, खड्डा आला की आधी सरकायचा. जिनमध्ये कोणाला पत्ता नव्हता. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी शाहपूरच्या बाजारात! अन् तिथं कामातनं गेलेला बैल कोण घेतो, ते तुम्हाला मी सांगायला पाहिजे काय?

अन् डोळा गेला कसा... माझ्या आसुडानं गेला. दोन वर्षं झाली. मालगाडी सुटायची वेळ झाली होती, सिग्नल पडला होता, मुकादम टेसनावरनं ओरडत होता, अन् मी रागात फटका मारला. आसुडाची गाठ डोळ्यात बसली. तो ओरडला पण नाही हो, मान तेवढी झाडली अन् गाडी ओढत राहिला, मालगाडी मिळाली आम्हाला. त्या दिवशी आसूड तापीत टाकला. इथंच, या राजघाटावर.

तर शेवटी मी पण गाडीवर बसलो, अन् नव्या पाळीत खैऱ्याच्या जोडीला आला पंधरा नंबर. पंधरा नंबर पण डावाच! हटून बसला, उजवीकडं जाईना. मंग खैऱ्याला घातलं उजवीकडं, म्हणजे आंधळा डोळा सगळ्या रस्त्याकडं! शनवारा दरवाज्यात निंबोल्याची मालूबाई डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन आडवी आली, अन् खैऱ्या सरळ तिच्या अंगावर! बाई बाजूला झाली म्हणून वाचली, पण वांगी सगळ्या रस्त्याभर. ‘मेल्या, डोळे फुटले काय!’ म्हणून ती उठली मला मारायला, अन् एकदम थांबली. खैऱ्याच्या तोंडापुढं हात हलवला, इकडनं, तिकडनं. हळूच म्हणाली, ‘याले दिसत नही रे भाऊ.’ मी तिच्या पाया पडलो, भर रस्त्यात. तिनं वांगी वेचली, पदरानं पुसली अन् गेली. परकी बाई, पण तिनं तोंड बंद ठेवलं. मी नाही ठेवलं.

कारण दुसऱ्या दिवशी विनायकरावांनी मला बसायला स्टूल दिलं! अहो, मॅनेजरच्या कचेरीत मला स्टूल! चहा मागवला. म्हणाले, ‘कडू, मी काही राक्षस नाही. जिनच्या नियमांचं कलम चार वाच... बरं, मी वाचतो. जनावराच्या प्रकृतीचं कारण असेल तर पाळीत सूट देता येते. तू काहीतरी लपवतोयस. मोकळेपणी सांग.’ गोदाबाईनं सकाळीच बजावलं होतं, ‘त्या माणसापुढं तोंड उघडू नका.’ पण प्रकृतीचं कारण म्हटल्यावर, सूट म्हटल्यावर... मला वाटलं, देव पावला! सांगून टाकलं. डोळा सांगितला, आसूड सांगितला, सगळं सांगितलं. रडलो पण. अन् तुम्हाला सांगतो, विनायकरावांनी पण चष्मा काढून डोळे पुसले! ‘बिचारा मुका जीव! आंधळ्याला आपण जुंपत होतो? हा तर जुलूम आहे!’ मी म्हटलं, होय साहेब, होय साहेब! त्यांनी पान उलटलं. ‘कलम सात. कामास अपात्र जनावर शनिवारच्या आत काढून टाकावे.’ अन् ज्या टाकानं तक्ता लिहिला त्याच टाकानं, त्याच शाईनं त्यावरचा सतरा नंबर खोडला.

मी म्हटलं, साहेब, मी पोसतो, माझ्या दारात बांधतो. ‘जिनचं जनावर नोकराला देता येत नाही.’ म्हटलं, मंग त्याला नेतील त्या दिवशी सुट्टी द्या, त्याच्याबरोबर शाहपूरपर्यंत चालत जातो. ‘सुट्टीचा अर्ज आठ दिवस आधी.’ म्हटलं, भिकनशी पाळी बदलतो. ‘पाळी बदलणं बंद आहे, कडू.’ सगळं आवाज न चढवता हो! चहा निवला म्हणून दुसरा मागवला माझ्यासाठी.

त्याला नेलं त्या दिवशी मी टेसनावरनं रिकामी गाडी घेऊन येत होतो, अन् समोरनं बाजाराचा माणूस खैऱ्याला घेऊन निघालेला. ते त्यांच्या डाव्या बाजूनं, मी माझ्या डाव्या बाजूनं. म्हणजे खैऱ्याचा उजवा डोळा माझ्याकडं. हातभर अंतरावरनं गेला, मी त्याला दिसलो नाही. हाक मारणार होतो... मारली नाही. मागं वळला असता, अन् मंग मी काय केलं असतं? चार पावलांवर जाऊन थांबला, नाक वर करून हुंगलं त्यानं. त्या माणसानं दोर ओढला.

अन् हा बांड्या! कोणत्याच बैलाबरोबर चालेना. डावीकडच्याला हुंगायचा अन् उभा राहायचा. गोठ्यात अजून डावीकडं एका बैलाची जागा सोडून बसतो. ही एका बैलाची गाडी आहे ना, तरी रस्त्यात डावीकडं जागा सोडून उजव्या कडेनं चालतो, पोलीस रोज मला दम देतो. 

शेवटी विनायकरावांनी परत स्टूल दिलं. ‘कडू, तुझी मूळ विनंती मी विसरलेलो नाही. बांड्याला पाण्याच्या गाडीला लावतो, जिनच्या अंगणात पाणी मारायला. त्याला सकाळ नाही, दुपार नाही, आणि हाकायला तूच. झालं समाधान?’ हो म्हटलं मी.  माणूस वाईट नाही.

चला, भरली टाकी. सरका, भाऊ... डावीकडनं नको, उजवीकडनं. अन् जिनमध्ये कोणी विचारलं तर सांगा, कडूची आता काही तक्रार नाही. मी काय जास्ती मागत होतो? दोघांना एका पाळीत ठेवा, बस. ठेवलं की हो... मला अन् बांड्याला.