हात वर केला की थांबायचं

मी येवल्याची. बापाच्या घरी माग, नवऱ्याच्या घरी पण मागच, पैठणीच्या पदरावर मोर विणता विणता केस पिकले माझे. धागा मी दातानंच तोडते, लहानपणापासून, सासू म्हणायची हिच्या तोंडातच कात्री हाय. असे माझे दात, आणि त्यांच्यापायीच माझी ही गत झाली, काय सांगू तुम्हाला.

वरची दाढ ठणकायला लागली तर मी लवंग धरली, मिश्री लावली, घरात कुणाला बोलले नाय. का नाय बोलले ते सांगते. नऊ वर्षाची होते, तेव्हा अशीच दाढ दुखली, मामानं पक्कड आणली, बापानं डोकं धरलं, आईनं पाय धरले, मी थांबा थांबा ओरडते तर मामा म्हणतो झालं झालं, आणि झालं कुठं, दाढ अर्धी मोडली, परत पक्कड घातली. माझं थांबा कुणी ऐकलंच नाय.

मग गाल सुजला, डोळा मिटायला लागला. सून मनीषा लय खमकी, आई आता माझं ऐका म्हणाली आणि बसनं नाशिकला घेऊन गेली. दवाखान्यात नंबर यायच्या आधी मी हात धुवायच्या निमित्तानं आत गेले आणि कमरेची डबी काढून मिश्री लावली, धीर यावा म्हणून. आमच्या बायका असंच करतात, बाळंतपणाला जातानासुद्धा.

डॉक्टरीण पोरगीच होती. दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, परत बांधला. मावशी, तंबाखू, मिश्री काही? मी नाय म्हटलं. तळहात घामानं ओले, छातीत धाडधाड, खुर्चीचा दांडा सुटंना. ती म्हणाली आत पू झालाय, आज काढायलाच पाहिजे, पण एवढ्या प्रेशरवर मी हात लावणार नाय. आता ही परत पाठवते, आणि परत गेले तर मी काय पुन्हा येत नाय, हे मलाच ठाऊक. तेव्हा तोंडातून निघून गेलं, मिश्री लावली बाई, आणि मागोमाग ती पक्कड पण सांगून टाकली.

रागावली नाय. म्हणाली, भीती वाटली की किडनीच्या वर बारक्या गाठी असतात त्यातून रस सुटतो, ॲड्रिनलिन म्हणतात, तो काळीज पळवतो, हात कापवतो, तुमच्या मिश्रीनं ते आणखी पळतं. मी म्हटलं, म्हंजे मी भित्री नाय? ती म्हणाली, तुमच्या अंगाला अजून ती पक्कड आठवते, मावशी.

चूळ भरायला लावली, बाहेर बसवलं, तासाभरानं पट्टा बांधला, तेव्हा आकडा उतरला. मग म्हणाली, हात वर केला की मी थांबणार. मी सुई लागायच्या आधीच हात वर केला, मुद्दाम, खरं बोलते का बघायला. थांबली. परत केला, परत थांबली. तिसऱ्यांदा पण. चौथ्यांदा हात वर गेलाच नाय, आणि दाढ ताटलीत टण्णकन पडली.

त्या पोरीला उदंड आयुष्य लाभो. मिश्री सुटली असं म्हणणार नाय, खोटं एकदा बोलले तेवढं बास.

परवा माहेरी गेले. आई आता खाटेवरच असते. तिच्याजवळ पाय वर घेऊन बसले, सगळं सांगितलं, हात वर केला की डॉक्टरीण थांबायची ते पण. ती माझी पावलं चाचपत म्हणाली, मी सोडायला पाहिजे होते गं तुझे पाय. मी म्हटलं, असू दे आई. आणि ती दाबत होती तोवर पाय तसेच राहू दिले.