समाधानी आहात का?

आदरणीय अध्यक्ष गंगारामकाका गमरे, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या विभागाचे उपअभियंता श्यामसुंदर पेडणेकर साहेब, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या नमितावहिनी, घणसोलीच्या आपल्या नागरिक मंचाचे सभासद, बाजारातला धंदा शेजारणीवर सोपवून आलेल्या माझ्या मैत्रिणी, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच धरून बसलेली ज्येष्ठ मंडळी, सर्वांना नमस्कार.

मी संघमित्रा तांबे, मंचाची सचिव. निवृत्त होणाऱ्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असा रिवाज आहे. तो मी मोडणार नाही, जरासा वाकवीन. साहेब, तुमच्या कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर मी इतकं बसलेय की शिपाई मला स्टाफमधली समजायचा. 'मॅडम, आज हाफ डे का?' असं त्याने खरंच विचारलं होतं.

चांगलं सांगायला पुष्कळ आहे. नाल्याचं पाणी तळमजल्यांत शिरलं तेव्हा साहेब पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्यासोबत उभे होते. आमचा फोन त्यांनी कधी टाळला नाही. उचलून 'नाही' म्हणाले, पण उचलला. फोन न उचलणाऱ्यांच्या या जगात हेही थोडं नाही.

पण आपलं मोठं भांडण झालं ते बाजारातल्या शौचालयावरून. ते बांधून तयार होतं. टाइल्स, आरसा, बाहेर 'महिला' अशी झकास पाटी. फक्त दाराला कुलूप, कारण पाण्याची जोडणी नव्हती. सुमित्राबाई तिथे समोरच भाजी विकतात. गावठाणातल्या त्यांच्या घरी जाऊन यायचं तर टोपली कोणाच्या भरवशावर ठेवायची? म्हणून त्या सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. मला म्हणाल्या, "ताई, आमी दुपारपर्यंत पानी पितच नाय. सवय झाली हाय." सवय! अशा गोष्टीची सवय व्हावी का हो माणसाला?

आपण मोर्चा नेला. सर्वांत पुढे आपल्या जयमालाताई. आवाज असा की कार्यालयातले सगळे खिडकीत आले. साहेबांनी शब्द दिला, जोडणीचा प्रस्ताव वर पाठवतो.

आणि मग आली शहरांची स्वच्छतेची स्पर्धा.

पाहणीच्या दिवशी शौचालय उघडलं. टँकर आला, दाराशी कुंड्या आल्या, आत उदबत्तीसुद्धा लावली होती. दुसऱ्या दिवशी कुंड्या गेल्या, कुलूप आलं. आपल्याला राग आला की नाही? आला. पण पुढे काय झालं? घरोघरी स्पर्धेचे फोन आले. 'तुमच्या भागातल्या सार्वजनिक शौचालयांबाबत तुम्ही समाधानी आहात का?' आणि या सभागृहात बसलेल्या शहाण्यासुरत्या माणसांनी काय सांगितलं? 'हो, अगदी समाधानी!'

हसू नका. जयमालाताईंनीही हेच सांगितलं. मी विचारलं, अहो, मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडलात, मग हे काय? तर म्हणाल्या, "अगं, बाहेरच्यासमोर घरातलं कशाला काढायचं? आपला नंबर गेला असता ना!" पाहुणे आले की फाटकी चादर कपाटात कोंबायची, हे आपल्या हाडीमाशी भिनलंय. शहराचा अभिमान मलाही आहे. पण त्या फोनवर आपण चादर नाही, सुमित्राबाईंना कपाटात कोंबलं.

नंतर मी साहेबांकडे गेले. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, मी फाइल घेऊन वर जातो, तर वरचे विचारतात, लोक खूश आहेत, तुम्हालाच कसलं टेन्शन?" साहेब, मला त्या दिवशी तुमचा फार राग आला. तुम्हाला खरं माहीत होतं. कुलूप तुम्ही रोज जाता-येता पाहत होतात. लोक खोटं बोलले असतील, पण तुम्ही वर ठासून सांगू शकला असतात. आज निरोपाच्या दिवशीही हे मनातून जात नाही, म्हणून तोंडावर सांगते.

त्या वर्षी आपल्या वाट्याला चौकातलं कारंजं आलं आणि त्यात उभे केलेले फायबरचे फ्लेमिंगो. संध्याकाळी त्यांच्यावर गुलाबी दिवे लागतात. पोरं फोटो काढतात, मीही काढलाय. सुमित्राबाई मात्र बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, पक्ष्यांना पानी हाय, लाइट हाय. आमाला नुस्ता दरवाजा उघडून द्या, बास." कारंज्याला ज्या पाइपलाइनवरून जोडणी मिळाली, ती शौचालयाच्या भिंतीला खेटून जाते. पुढे लघवीच्या संसर्गाने सुमित्राबाई रुग्णालयात पडल्या. मंचाचे आपण सगळे फळं घेऊन भेटायला गेलो. डॉक्टरांनी आपल्यासमोरच त्यांना विचारलं, 'पाणी का पीत नाही?' तेव्हा आपण सगळे पिशवीतली फळं टेबलावर मांडत बसलो.

कुलूप आजही आहे.

साहेब, आज तुमची खुर्ची सुटते. तुम्ही इथेच पलीकडच्या सेक्टरमध्ये राहणार, याचा आम्हाला खरोखर आनंद आहे. वहिनी, तुम्हीही मंचात या. आता साहेबांच्या वरती कोणी नाही. ते आमच्यासारखेच साधे रहिवासी. यंदाच्या स्पर्धेचे फोन लवकरच सुरू होतील. तुमचाही वाजेल. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात विचारेल, 'समाधानी आहात का?' साहेब, या वेळी काय सांगाल? आणि जयमालाताई, तुम्ही?

ही शाल मंचाच्या वतीने. ही वालाच्या शेंगांची पिशवी सुमित्राबाईंनी स्वतः निवडून आणलीय. त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात. इतकं होऊनही साहेबांवर त्यांचा राग नाही, माझ्याइतका तर मुळीच नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं आणि चिठ्ठी पाठवून थांबवलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आपलेही आभार. समारंभाच्या घरी कडू बोलले असेन, तर लहान बहीण समजून पदरात घ्या. चहा आलाय, सर्वांनी घ्यावा. सुमित्राबाईंना कृपया आग्रह करू नका. मघाशी त्यांनी पाण्याचा ग्लासही परत केलाय, त्यांना इथून पुन्हा बाजारात बसायचंय.