घरबसल्या, म्हणे!

...नाही, मला एक सांगा, घरबसल्या म्हणजे नक्की काय हो? आमच्या साहेबांनी ते लांबून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा म्हणाले, "आता तुम्ही खुशाल सुट्टी घ्या. घरबसल्या होईल!" घरबसल्या, म्हणे!

तुम्हाला सांगतो, तीन वर्षांत पहिली सुट्टी! लेकीचं शाळेत पहिलंवहिलं नाटक, पाच वाजता. "बाबा, पुढच्या रांगेत बसायचं हं," असं दहादा बजावलेलं. आणि दुपारी दोनला ऑफिसातून हेडक्लार्कांचा फोन! जुना कॉम्प्युटर अडलाय, उद्याच्या मुलाखतींची यादी त्याच्या पोटात. आता हा म्हातारा सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं घेतो! नवं सॉफ्टवेअर टाकलं तर सरळ हात वर केले त्याने, म्हणून कुठूनतरी धुंडाळून जुनी आवृत्ती बसवलेली. म्हटलं, "काका, पडद्यावर नंबर येईल तो सांगा, की मी इथून आत शिरतो."

पंधरा मिनिटांनी फोन. "घ्या लिहून. चार... सात... सात..." टाकला. लागेना! पुन्हा पंधरा मिनिटं, नवा नंबर, लागेना! तीनदा, अहो, तीनदा! बायको चपला घालत म्हणाली, "मी होते पुढे. तुम्ही बघा नाटक, घरबसल्या!"

शेवटी विचारलं, "काका, फोन कुठून करताय?"

"बाहेरच्या खोलीतल्या लँडलाइनवरून. मोबाइल डब्यात ठेवलाय, कामाच्या वेळी नाही वापरत मी. नंबर कागदावर उतरवतो, मेन बटण बंद करतो नि येतो."

"बंद??"

"मग! तीस वर्षांत बटण बंद केल्याशिवाय खुर्ची सोडली नाही. चालू ठेवून उठू, नि आग लागली तर? तुम्ही येणार विझवायला, घरबसल्या?"

आता बोला! बंद यंत्रात मी शिरणार कुठून, खिडकीतून?

गेलो. झक मारत गेलो. मध्ये रस्ता खोदलेला, पोचायलाच पाच वाजले. म्हातारा सुरू झाला नि दहा मिनिटांत यादी बाहेर! हेडक्लार्क खूश. "बघा, आलात नि झालं. उगाच ते घरबसल्या!"

तिथूनच बायकोला व्हिडिओ कॉल लावला. लेक झाड झाली होती. हात पसरलेले, पापणीसुद्धा हलत नाही... काय तो अभिनय! माझे डोळे भरून आले हो. हेडक्लार्कही मागे उभे राहून म्हणाले, "पोरीला शिस्त आहे!" वीस मिनिटं बघत होतो आम्ही दोघं. मग बायकोचा साधा फोन आला. "अहो, नाटक कधीच संपलं. तुमचं चित्र अडकलंय."

रात्री लेकीने विचारलं, "बाबा, मी कसं काम केलं?" म्हटलं, "अगदी हललीसुद्धा नाहीस गं, बाळा."